तोट्यातली गाडी पाचव्या दिवशी सुटली : जपानच्या सानरिकु रेल्वेचं प्रकरण

११ मार्च २०११, भूकंप आणि त्सुनामीची रात्र. मियाको नावाच्या गावात एका छोट्या रेल्वे कंपनीचं हेड ऑफिस आहे, तिथे लाइट गेलेली, हीटर बंद, फोन लागत नाहीत, आणि मार्च असला तरी उत्तर जपानातली थंडी म्हणजे हाडं गोठवणारी. मग ऑफिसातली माणसं उठली आणि स्टेशनात उभ्या असलेल्या एका डिझेल डब्यात जाऊन बसली. डब्याला स्वतःचं इंजिन, त्यामुळे दिवे आहेत, ऊब आहे. तिथेच व्हाइटबोर्ड आणला, नकाशे पसरले, आणि पुढचे काही दिवस हा डबाच कंपनीचं कंट्रोल रूम झाला. गाडी एक इंचही हलली नाही पण सगळी कंपनी तीच चालवत होती.

हे प्रकरण मला आवडतं ते ह्याच डब्यामुळे. रेल्वेच्या केस स्टडी म्हटलं की बहुतेक वेळा बुलेट ट्रेन, सेकंदावर सुटणाऱ्या गाड्या वगैरे ऐकायला मिळतं, ते सगळं खरंच आहे, पण ही गोष्ट एका डब्याच्या गाडीची आहे, जिच्यात बसायला शाळेची पोरं आणि दवाखान्यात निघालेल्या आज्या सोडल्या तर फारसं कोणी नसतं.

आधी ही कंपनी काय चीज आहे ते सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. जपानच्या मुख्य बेटाच्या ईशान्येला इवाते प्रांत, त्याचा पॅसिफिककडचा किनारा म्हणजे सानरिकु. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, मधेमधे खाड्या आत घुसलेल्या, प्रत्येक खाडीच्या तोंडाशी एक मासेमारीचं गाव, आणि एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर मधे डोंगर. कोकणातल्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. इथे रेल्वे हवी ही मागणी जुनी, पण काम तुकड्यातुकड्यांत झालं, सत्तरच्या दशकात सरकारी रेल्वेने थोडं इकडे थोडं तिकडे रूळ टाकले आणि मग सरकारी रेल्वेच कर्जात बुडाली. १९८० मध्ये कायदा आला की तोट्यातल्या लोकल लाइनी सोडून द्यायच्या, चालवायच्या असतील तर तुमच्या तुम्ही चालवा नाहीतर बस घ्या. इवाते प्रांत आणि किनाऱ्यावरच्या गावांनी १९८१ मध्ये मिळून कंपनी काढली, थोडे खाजगी शेअर घेतले, आणि १ एप्रिल १९८४ ला गाडी सुरू केली. सरकारी रेल्वेने टाकून दिलेल्या लाइनी अशा पद्धतीने चालवायला घेणारी ही जपानातली पहिली कंपनी. तिकडे ह्या प्रकाराला 'थर्ड सेक्टर' म्हणतात, म्हणजे धड सरकारी नाही, धड खाजगी नाही. कोकण रेल्वे कॉर्पोरेशनमध्ये केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ भागीदार आहेत ते डोळ्यासमोर आणा, फक्त त्यातून केंद्र वजा करा आणि आकार अगदी चिमुकला करा.

नाव सानरिकु तेत्सुदो, लोक म्हणतात सानतेत्सु. डब्यांच्या मालिकेचा नंबर ३६, कारण जपानीत तीन म्हणजे सान आणि सहा म्हणजे रोकु, सान-रोकु, सानरिकु. असे पीजे मारायची ह्यांना सवयच आहे, पुढे अजून एक येतो.

एक गोची मात्र पहिल्या दिवसापासून होती. कंपनीकडे दोन तुकडे होते जे एकमेकांना जोडलेलेच नव्हते. उत्तरेचा मियाको ते कुजी ७१ किलोमीटर, दक्षिणेचा कामाइशी ते साकारी ३६.६ किलोमीटर, आणि मधला मियाको ते कामाइशी हा ५५.४ किलोमीटरचा पट्टा दुसऱ्याचा, म्हणजे जेआर ईस्ट ह्या बड्या कंपनीचा. पोळीच्या दोन कडा ह्यांच्या ताटात आणि मधला भाग शेजारच्याच्या. हे लक्षात ठेवा.

पहिली दहा वर्षं सानतेत्सु चक्क फायद्यात होती. मग १९९४ पासून जो तोटा लागला तो लागलाच. कारण काही गूढ नाही, गावातली तरुण पोरं मोरिओका, सेंदाई, टोकियोला गेली, जी राहिली त्यांनी गाड्या घेतल्या, आणि शाळेत जाणारी मुलं दरवर्षी कमी. सुरुवातीला वर्षाला २७ लाखांच्या आसपास प्रवासी होते, २०१० पर्यंत ते साडेआठ लाखांच्या घरात आले. कंपनीने काय करावं, तर 'आकाजी सेनबेई' नावाचे तांदळाचे क्रॅकर विकायला काढले. आकाजी म्हणजे शब्दशः लाल अक्षरं, अर्थ तोटा. पाकिटावर लाल अक्षरात नाव. आपलाच तोटा भाजून पाकिटात भरून विकायचा, ह्याला हिंमत लागते राव.

तर अशी ही कंपनी, अधिकृतपणे मरणपंथाला लागलेली, आणि ११ मार्चला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० चा भूकंप आणि मागोमाग त्सुनामी.

त्या क्षणी दोन्ही तुकड्यांवर मिळून दोनच गाड्या चालत होत्या. दक्षिणेची गाडी कुवादाई बोगद्यात होती, बोगदा जवळजवळ चार किलोमीटरचा. ड्रायव्हरने ब्रेक लावले, गाडी आतच थांबली. आत दोन प्रवासी आणि ड्रायव्हर, बस. अंधार, जमीन हलतेय, आणि बाहेर काय चाललंय काही कल्पना नाही. आपल्याला वाटेल बोगद्यात अडकणं म्हणजे सगळ्यात वाईट, पण इथे उलटं झालं, डोंगराच्या पोटात होते म्हणून वाचले. तिघं चालत सुखरूप बाहेर आले. गाडी मात्र आतच राहिली, कारण पुढेमागे रूळच उखडलेले, ती बाहेर काढली २४ जूनला. गंमत म्हणावी की काय माहीत नाही पण दक्षिण तुकड्यावर कंपनीचे चार डबे होते, त्यातले साकारीच्या यार्डात उभे असलेले तिन्ही खारं पाणी शिरून बाद झाले आणि बोगद्यात अडकलेला चौथा तेवढा धडधाकट. लोक त्याला चमत्काराचा डबा म्हणायला लागले. उत्तरेची गाडी फुदाई गावाच्या अलीकडे उंचावर थांबली, तिच्यातलेही सगळे सुखरूप.

नुकसान मोजलं तेव्हा ३१७ जागा निघाल्या. शिमानोकोशी स्टेशन तर साफ गेलं, म्हणजे पडलं वगैरे नाही, उंच पुलावरचे रूळ, खांब, इमारत, सगळं समुद्राने उचलून नेलं.

आता मुद्द्याचं. कंपनीचे प्रेसिडेंट तेव्हा मोचिझुकी मासाहिको, आधी प्रांताच्या सरकारी नोकरीत होते, २०१० मध्ये इथे आले, म्हणजे खुर्चीत बसून वर्षही झालं नव्हतं. १३ तारखेला ते मोटार घेऊन लाइन बघायला निघाले आणि तारो गावात पोचले. तारो म्हणजे ते गाव ज्याने १८९६ च्या त्सुनामीत आणि परत १९३३ च्या त्सुनामीत मार खाल्ला आणि मग दहा मीटर उंच, एकूण जवळजवळ अडीच किलोमीटर लांबीची भिंत बांधली, जगभरातले इंजिनिअर बघायला यायचे. ह्या वेळी पाणी त्या भिंतीवरून आलं. गावात रस्ता नावाचा प्रकार उरला नव्हता, घरं, होड्या, मोटारी, जाळी, सगळ्याचा एकच ढिगारा. आणि त्या ढिगाऱ्यातून वर रेल्वेचा भराव तेवढा मोकळा दिसत होता, आणि त्यावरून माणसं चालत होती. पाठीवर बोजे, हातात पिशव्या, नातेवाइकांना शोधायला निघालेली, पाणी आणायला निघालेली.

रेल्वेवाल्या माणसाने रुळावरून चालणारी माणसं बघितली तर त्याचं पहिलं काम त्यांना हाकलणं. मोचिझुकींनी तिथे उलटा हिशोब लावला, की लोकांना जायचंय आणि वाट फक्त आपल्याकडे आहे, तर जिथे रूळ शाबूत आहेत तिथे गाडी सोडायची. पूर्ण लाइन कधी होईल, पैसे कोण देणार, कंपनी राहील का जाईल, ते नंतर. ढिगारे हटवायला सैन्याची मदत मागितली. आपल्या माणसांनी रूळ चालत तपासले.

१६ मार्चला, म्हणजे पाचव्या दिवशी, कुजी ते रिकुचू-नोदा ११.१ किलोमीटर गाडी सुरू झाली. २० तारखेला मियाको ते तारो. २९ ला तारोच्या पुढे ओमोतोपर्यंत. सगळं मिळून ३६.२ किलोमीटर, म्हणजे १०७ पैकी साधारण एक तृतीयांश. गाडी एकदम हळू, शिटी वाजवत वाजवत, दिवसाला मोजक्याच फेऱ्या. मार्च अखेरपर्यंत तिकीट नाही, फुकट. रुळाकडेला उभे असलेले लोक हात हलवत होते, त्यातल्या किती जणांची घरं गेलेली होती ते सांगायला नको.

ह्यावर दोन बाजू आहेत हे मान्य. आफ्टरशॉक चालूच होते, ७ एप्रिलला तर सातच्या वरचा मोठा धक्का बसला, अशा वेळी माणसं भरून गाडी चालवणं ही जोखीम होतीच, आणि काही झालं असतं तर आज आपण हीच केस बेजबाबदारपणाची म्हणून वाचत असतो. पण रस्ते तुंबलेले, पेट्रोल मिळत नाही, भागातल्या कितीतरी मोटारी वाहून गेलेल्या. डिझेलचा एक डबा किती माणसं आणि किती पिशव्या नेतो त्याचा विचार करा.

आणि एक सांगायचं राहिलं. सानतेत्सुचा बराचसा मार्ग वाचला त्यात नुसती हिंमत नव्हती, बांधकामही होतं. तो सत्तर-ऐंशीतला म्हणून बोगदे आणि उंच पूल भरपूर, डोंगराच्या पोटातून सरळ जाणारा. मधला जेआरचा पट्टा तीसच्या दशकातला, तो खाडीच्या कडेकडेने वळणं घेत, खालून जाणारा. त्याची वाट लागली.

आता पैशाचं. नेहमीच्या नियमाने अशा कंपनीने दुरुस्तीचा निम्मा खर्च स्वतः करायचा, पाव केंद्र, पाव स्थानिक. सानतेत्सुला निम्मा म्हणजे मृत्युपत्रच. अंदाज सुरुवातीला हजार कोटी येनच्या वर होता, शेवटी काम ९०० कोटींच्या आसपास बसलं, पण क्रॅकर विकणाऱ्या कंपनीला दोन्ही सारखंच. शेवटी खास सोय झाली: दुरुस्त झालेल्या सुविधा गावांच्या मालकीच्या करायच्या, खर्च अर्धा केंद्राचा अर्धा स्थानिक, आणि तो स्थानिक अर्धाही केंद्र वेगळ्या वाटेने भरून देणार. कंपनीच्या वाट्याला शून्य.

पैसे कुठून येणार हे ठरायच्या आधी गाडी सुटली, आणि गाडी सुटली म्हणूनच पैसे आले, असं माझं मत आहे. कारण २०११ च्या उन्हाळ्यात टोकियोत बसून कोणीही विचारलं असतं, आणि विचारतही होते, की वर्षाला साडेआठ लाख प्रवासी, तोटा सतरा वर्षांचा, ह्याला कशाला एवढे पैसे? ह्या प्रश्नाला आकड्यात उत्तर नाहीच. पण पाचव्या दिवशी सुटलेल्या फुकट गाडीचे फोटो सगळ्या देशाने बघितले होते. जर मोचिझुकींनी 'आधी मंजुरी येऊ दे' म्हणून वाट बघितली असती तर रुळांवर गवत वाढलं असतं आणि मग गवत बघून लोकच म्हणाले असते की बस काय वाईट आहे.

पुढचं काम टप्प्याटप्प्याने झालं. एप्रिल २०१२ ला रिकुचू-नोदा ते तानोहाता, एप्रिल २०१३ ला साकारी ते योशिहामा, आणि ५ आणि ६ एप्रिल २०१४ ला अनुक्रमे दक्षिण आणि उत्तर दोन्ही तुकडे पूर्ण. शिमानोकोशीला पुलाच्या जागी भराव घातला, म्हणजे पुढच्या वेळी तो लाटेला आडवा येईल. मधल्या काळात कंपनीने जे सुचेल ते केलं. उखडलेल्या रुळांचे तुकडे कापून आठवण म्हणून विकले, आपत्ती समजून घ्यायला येणाऱ्या शाळांसाठी खास गाड्या काढल्या ज्यात स्थानिक माणूस खिडकीतून दाखवत दाखवत त्या दिवसाचं सांगतो, हिवाळ्यात डब्यात कोतात्सु म्हणजे खाली शेगडी आणि वर रजई असलेली बैठी टेबलं लावली. नवीन डबे आले ते कुवेतच्या पैशातून. कुवेतने जपानला मदत म्हणून ५० लाख बॅरल कच्चं तेल दिलं होतं, त्यातून आलेल्या पैशाचा एक भाग इथे लागला, म्हणून त्या डब्यांवर कुवेतचं बोधचिन्ह आणि अरबीत, इंग्रजीत, जपानीत आभार लिहिलेत. मासेमारीच्या खेड्यात अरबी अक्षरं घेऊन फिरणारा डिझेल डबा, बघायला भारी वाटतं.

आणि २०१३ मध्ये एनएचके ह्या जपानी टीव्ही चॅनलच्या सकाळच्या मालिकेत कुजीचा परिसर आणि ही गाडी झळकली आणि पर्यटक लोटले. हे नशीब. ह्याचं श्रेय मॅनेजमेंटला देऊ नये.

आता तो मधला तुकडा. जेआर ईस्ट मोठी, भरपूर फायद्यातली कंपनी, आणि तेव्हाच्या कायद्यात फायद्यातल्या कंपनीला दुरुस्तीचं सरकारी अनुदान नव्हतं (कायदा २०१८ मध्ये बदलला). मग तिने किनाऱ्यावरच्या आपल्या मोडलेल्या लाइनींवर बस सुचवली, म्हणजे बीआरटी, रूळ काढून त्या पट्टीवर डांबर टाकायचं आणि बस पळवायची. दक्षिणेकडे केसेन्नुमा आणि ओफुनातो ह्या लाइनींवर हेच झालं, २०१२ आणि २०१३ पासून. सगळा राग जेआरवर काढायची फॅशन आहे पण मला ते पटत नाही. बसच्या फेऱ्या गाडीपेक्षा जास्त, थांबे वाढवता येतात, गाव उंचावर हललं तर बसही वर जाते. फक्त एकदा बस झाली की परत रेल्वे होत नाही, आणि हे इवातेच्या लोकांना बरोबर माहीत होतं.

म्हणून मियाको ते कामाइशी पट्ट्याला त्यांनी बस नको म्हणून धरून ठेवलं. शेवटी २०१४ मध्ये जेआरने तोडगा टाकला: आम्ही रेल्वे दुरुस्त करून देतो, चालवा तुम्ही. दुरुस्तीचे सुमारे २,१०० कोटी येन, त्यातले १,४०० जेआरचे, वर ३०० कोटी येन हातात. हुंडा देऊन मुलगी खपवली असं कोणी म्हणेल, आणि ते फार चूक नाही. पण २३ मार्च २०१९ ला पोळी एकदाची अख्खी झाली. साकारी ते कुजी सलग १६३ किलोमीटर, रियास लाइन, थर्ड सेक्टरमधली देशातली सगळ्यात लांब लाइन. कोळ्यांनी भरघोस मासळी मिळाल्यावर होडीवर लावायचे ते मोठे रंगीत झेंडे काढून हलवले.

सात महिनेसुद्धा पुरते झाले नाहीत. २५ सप्टेंबरला रग्बी वर्ल्ड कपची मॅच कामाइशीतल्या उनोसुमाइला झाली, त्सुनामीत गेलेल्या शाळांच्या जागेवर बांधलेल्या स्टेडियममध्ये, स्टेशनला लागूनच, उरुग्वेने फिजीला हरवलं, सानतेत्सुने माणसं वाहिली, मस्त दिवस. तिथली दुसरी मॅच १३ ऑक्टोबरला होती, ती झालीच नाही. आदल्या रात्री हागिबिस वादळ आलं. नव्वदहून जास्त ठिकाणी भराव वाहून गेले, रूळ हवेत लटकले, साधारण ७० टक्के लाइन बंद. त्सुनामीला पुरून उरलेली लाइन डोंगरातून आलेल्या पावसाच्या पाण्याने मोडली. परत दुरुस्ती, परत वर्गण्या, आणि २० मार्च २०२० ला पूर्ण सुरू. दोन दिवसांनी ऑलिंपिकची ज्योत गाडीतून नेली. आणि मग कोविड. बास, ह्यावर काय लिहू.

मी गेलो होतो ते ह्या सगळ्यानंतर, नोव्हेंबरात, मोरिओकाहून बसने मियाकोला आणि तिथून गाडीने दक्षिणेला. डब्यात सुरुवातीला युनिफॉर्ममधली सात-आठ मुलं, एक आजी मांडीवर मुळ्यांची पिशवी घेऊन, आणि मी. समुद्र दिसतो पण वाटतं तेवढा नाही, बोगद्यातून बाहेर आलं की एक निळी खाडी, कालवांच्या शेतीचे तराफे, नवी राखाडी भिंत, की परत बोगदा. भिंत इतकी उंच की कित्येक ठिकाणी गावातल्या माणसाला समुद्र दिसतच नाही, गाडीतून दिसतो.

कोइशिहामाला गाडी जरा जास्त वेळ थांबली. ह्या स्टेशनाचं नाव आधी 'बारक्या दगडांचा किनारा' असं होतं, २००९ मध्ये उच्चार तोच ठेवून अक्षरं बदलली आणि अर्थ झाला 'प्रेमाचा किनारा' (म्हटलं होतं ना अजून एक पीजे येतो). तिथल्या स्कॅलॉपच्या शिंपल्यांचा ब्रँड ह्याच नावाचा आहे. प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या खोलीत शिंपल्यांवर नवस लिहून टांगतात, शेकडो, दोऱ्याने ओवलेले, वाऱ्याने खडखडत होते. एकावर मुलीचं नाव आणि 'परीक्षा' एवढंच वाचता आलं. आजी बसूनच होती, तिला ह्यात काही नवीन नव्हतं.

आता समोर जो प्रतिस्पर्धी आहे तो त्सुनामीपेक्षा चिवट आहे. पुनर्बांधणीच्याच पैशातून सेंदाई ते हाचिनोहे ३५९ किलोमीटरचा किनारी एक्स्प्रेसवे डिसेंबर २०२१ मध्ये पूर्ण झाला, बहुतेक भाग टोल-फ्री. एकाच सरकारने एका हाताने रेल्वे उभी केली आणि दुसऱ्या हाताने तिच्या शेजारी फुकटचा रस्ता. लोकांना रस्ता हवाच होता, आपत्तीत तोच लागतो, त्यामुळे चूक कुणाची असं म्हणता येत नाही, पण गिऱ्हाईक कुठे जाणार ते उघड आहे. मुलं तर कमी होतच आहेत.

साकारीला उतरलो तर प्लॅटफॉर्मच्या एका बाजूला सानतेत्सुचा पांढरा डबा, लाल-निळे पट्टे, आणि दुसऱ्या बाजूला जिथे पूर्वी जेआरचे रूळ होते तिथे डांबर आणि त्यावर लाल बस. मधे फार तर दहा पावलं. मुलं डब्यातून उतरून बसमध्ये चढली. आजी मुळ्याची पिशवी घेऊन बाहेर पडली, तिला न्यायला मोटार आली होती.